तीन ठोके

शहाण्णव सालच्या वैशाखात शांताराम आणि गिरिजानं आपला पंप दुसऱ्यांदा खाली उतरवला. विहिरीच्या काठाशी सहा फुटांचा खड्डा होता, तो आता बारा फुटांचा झाला. खणायला माणूस लावला नव्हता. शांताराम खाली घमेलं भरायचा, गिरिजा दोरानं वर ओढायची आणि दर घमेल्याला राजवीरच्या नावानं एक शिवी हासडायची. चार दिवस चाललेल्या त्या कामात एकही शिवी तिनं दुसऱ्यांदा वापरली नाही.

तिचे ओठ हलताना दिसले की शांताराम खालून विचारायचा, "काय म्हणतेस?"

"काही नाही. खणा तुम्ही."

"आँ?"

"खणा!"

शांतारामचे कान फौजेनं ठेवून घेतले होते. बावीस वर्षं त्यानं इंजिनिअर पलटणीत पंप चालवले. हाताचे, पट्ट्याचे, डिझेलचे. पेन्शन झाली तेव्हा तो दिल्ली कॅन्टोन्मेंटमध्ये होता. पलटणीतल्या एका दोस्तानं मानेसरच्या पुढं बासगढी गावात दोन बिघे जमीन विकायला काढली, ती यानं घेतली. सातारच्या घरात भावांची गर्दी होती, मुलगा महेश फौजेत भरती होऊन आसामात गेला होता. म्हणून ही दोघं हरयाणात राहिली. भेंडी, दोडका, मेथी लावायची, आणि शांतारामनं सायकलला पेटी बांधून गावोगावचे पंप दुरुस्त करायचे.

बहिरा माणूस पंप दुरुस्त कसा करतो, असं लोक सुरुवातीला विचारायचे. त्याचे कान गिरिजा होती. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक ती चालू पंपाच्या अंगाला टेकवायची, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायची. मग शांतारामच्या तळहातावर बोटानं सांगायची. इंजिनाच्या कल्लोळात ओरडून काही समजत नाही, म्हणून या खुणा. एक ठोका म्हणजे बेअरिंग गेलं. दोन म्हणजे नळी कुठंतरी हवा घेते आहे. तीन म्हणजे पाणी संपलं, पंप कोरडा खडखडतो आहे. आणि मोटार उलटी फिरत असेल तर तळहातावर बोटानं उलटा गोल. शांताराम मग गिऱ्हाइकाला काय ते सांगायचा, मोठ्या आवाजात, कारण त्याला स्वतःचाही आवाज ऐकू यायचा नाही. त्यानं एकदा सांगितलं की पंचक्रोशीत दुसऱ्याला विचारायची पद्धत नव्हती.

पाचव्या दिवशी पंप खड्ड्याच्या तळाशी बसला. गिरिजानं बादल्या ओतून नळी भरायला घेतली. हा पंप आधी भरून द्यावा लागतो, पोटात हवा राहिली तर नुसता फिरत बसतो. अकरा बादल्या गेल्या तरी नळी भरेना. ओतलेलं पाणी नळीच्या बुडाच्या झडपेतून विहिरीत निघून जात होतं.

"फूट व्हॉल्व्ह धरत नाही," शांताराम म्हणाला.

"धरेल कसा? बाजारचा पत्र्याचा आणलाय. पितळेचा राजवीरच्या टेबलावर आहे."

हे त्याला नीट ऐकू गेलं. काही वाक्यं त्याला नीट ऐकू यायची. तो खाली बघून पान्हा पुसत बसला.

राजवीर म्हणजे हरितकुंज कॉलनीचा मालक. त्यांच्या बांधाला लागून चाळीस बिघे घेऊन त्यानं प्लॉट पाडले होते, गेट उभारलं होतं, गेटाशी कारंजं केलं होतं. आणि गिरिजाच्या विहिरीपासून शंभर पावलांवर तीनशे फूट बोअर मारून त्यात पाणबुडी मोटार सोडली होती. शांतारामचा पंप वर बसून ओढणारा. शांताराम सांगायचा, पंप ओढतो म्हणतात पण खरं तर नळीतली हवा काढून टाकतो, आणि विहिरीतल्या पाण्यावर बाहेरची हवा बसलेली असते ती पाणी वर चढवते. पंचवीस फुटांपुढं हवेच्या अंगात तेवढी ताकद नाही. पाणी खाली गेलं की पंपानंच खाली जायचं, खड्डा खणत. पाणबुडी मोटार पाण्यातच बसते आणि खालून ढकलते. तिला कितीही खोल सोडा. ती वर्षभर ढकलत राहिली आणि बासगढीच्या विहिरी एकामागून एक तळ दाखवू लागल्या. सरपंचाच्या दारातला हापसासुद्धा नुसती हवा ओकायचा.

पण गिरिजाचा राग पाण्याचा तेवढा नव्हता. पाण्यासाठी माणूस भांडतो आणि विसरतो. तिचा राग फाल्गुनातला होता.

तेव्हा शांताराम हरितकुंजमध्येच पंप चालवायला होता. गिरिजा पितळी फूट व्हॉल्व्ह फडक्यात बांधून मानेसरला निघाली होती. त्याच्या आतलं चामडं झिजलं होतं, ते बदलून आणायचं होतं. सडकेची जुनी वाट कॉलनीच्या आत गेली होती, त्यामुळं गेटातूनच जावं लागे. गेटावर राजवीर उभा होता.

"क्या है इसमें?"

"फूट वॉल्व है. हमारा. चमड़ा बदलवाना है."

"हमारे स्टोर से पीतल के दो वॉल्व गायब हैं. और तू पीतल लेके जा रही है. पल्लू खोल."

"जी?"

"पल्लू खोल के झटक. देखें और क्या-क्या है."

गेटावर दोन चौकीदार होते, भिंतीवर चौदा गवंडी होते. गिरिजानं पदर सोडला आणि झटकला. गाठीतलं बसचं नाणं आणि अर्धी सुपारी मातीत पडली. कुणीतरी हसलं. पलीकडं पंपघराच्या दारात शांताराम गेटाकडं पाठ करून तेल घालत उभा होता. तिनं दोनदा हाक मारली, "अहो! अहो!" तो वळला नाही. बहिऱ्याला हाक मारून काय होणार?

"बिल लेके आ, फिर ले जा," राजवीर म्हणाला आणि व्हॉल्व्ह घेऊन ऑफिसात गेला. तेव्हापासून तो त्याच्या टेबलावर प्लॉटांचे नकाशे उडू नयेत म्हणून ठेवलेला असायचा.

गिरिजानं घरी फक्त व्हॉल्व्ह काढून घेतल्याचं सांगितलं. पदराचं बोलली नाही. दुसऱ्याच दिवशी शांतारामनं कंबर दुखते म्हणून नोकरी सोडली. तिला याचाही राग आला. राग तिच्याकडं भरपूर होता, सगळ्यांना पुरेल एवढा.

ज्येष्ठ लागला. एका गुरुवारी संध्याकाळी आंधी आली आणि हरितकुंजच्या खांबावरच्या तारा तुटल्या. शुक्रवारी लाइनमननं त्या जोडल्या. रविवारी सकाळी अकराला राजवीरची जीप शेताच्या बांधाशी येऊन थांबली. राजवीर स्वतः उतरला.

"हवलदार साब," तो म्हणाला. 'साब' आज नवीन होतं. "दिल्ली से पार्टी आई है, पूरी बस भर के. फव्वारा नहीं चल रहा. मोटर घूम रही है, पानी नहीं आ रहा. चलो, देख लो जरा."

गिरिजा भेंडीच्या सरीतून उठली. पानं करपत आली होती, आणखी आठ दिवस पाणी मिळालं नाही तर उपटून बकऱ्यांना घालावी लागणार होती. तिला वाटलं, शांताराम नाही म्हणेल. त्यानं पेटी उचलली. मग तीही निघाली. कान तिचेच होते ना.

गेटाशी शामियाना होता. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरांतून आलेली माणसं खुर्च्यांवर बसून सरबत पीत होती, बायका नकाशावर बोटं ठेवून स्वयंपाकघराची दिशा ठरवत होत्या. कारंज्यातून करंगळीएवढी धार निघून तिथंच विरत होती. एक लहान मूल तिच्याकडं बघून आईला म्हणालं, "मम्मी, इसको सूसू आ रही है." राजवीरनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

बोअरच्या तोंडाशी काँक्रीट तापून तवा झालं होतं. गिरिजानं त्यावर गुडघे टेकले. पाइपला स्क्रू ड्रायव्हर लावला, मूठ कानामागं धरली, डोळे मिटले.

मोटार धड असली की पाइपातून जात्यासारखी एकसुरी घरघर येते. इथं घरघर होती पण पोकळ. खाली पाणी होतं, भरपूर होतं, आणि मोटार ते वर ढकलायचं सोडून नुसतं घुसळत होती. उलटी फिरत होती. गिरिजाला लगेच कळलं. लाइनमननं तारा जोडताना दोन फेजांची अदलाबदल केली होती. कॉलनीत बाकी सगळे दिवे, आणि दिव्यांना उलटं-सुलटं काही नसतं, म्हणून कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. तीन तारांपैकी दोन इकडच्या तिकडं केल्या की झालं. अर्ध्या मिनिटाचं काम.

तिनं डोळे उघडले. समोर शामियान्यातल्या टेबलावर नकाशे होते आणि नकाशांवर तिचा फूट व्हॉल्व्ह. त्याला कुणीतरी घासून चकचकीत केलं होतं.

"अहो," म्हणत तिनं शांतारामचा हात घेतला आणि तळहातावर तीन ठोके दिले.

शांताराम शेजारी उकिडवा बसला होता. पाइपला हात टेकून तो उठला. तिच्याकडं बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं असं तिला वाटलं. मग तो राजवीरकडं वळला आणि आपल्या परेडच्या आवाजात म्हणाला, "पानी खतम, साब! बोअर सूख गया!"

शामियान्यात सरबताचे पेले थांबले.

"धीरे बोल, धीरे," राजवीर दात आवळून म्हणाला.

"आँ?" शांताराम आणखी मोठ्यानं म्हणाला. "तीन सौ फूट में पानी नहीं! मोटर बंद करो, जल जाएगी!"

खुर्च्या सरकल्या. एक चष्मेवाले गृहस्थ गिरिजाजवळ आले. "वहिनी, तुम्ही मराठी ना? मघाशी 'अहो' म्हणालात ते ऐकलं. मी विश्वनाथ. रिटायर झाल्यावर इथं छोटंसं घर बांधू म्हणत होतो, बिल्कुल फायनल करायलाच आलो होतो. खरंच पाणी नाही का हो?"

परक्या मुलखात कुणी आपल्या भाषेत विचारलं की खोटं बोलणं जड जातं. गिरिजानं बांधाकडं बोट दाखवलं. मग ती म्हणाली, "ती पलीकडं आमची विहीर आहे. आत बघून या आणि मग ठरवा."

विश्वनाथ गेले, त्यांच्या मागं आणखी सात-आठजण गेले. वाकून त्यांनी तळाचा चिखल बघितला, त्यात उतरवलेली नळी बघितली, बारा फूट खड्ड्यातला पंप बघितला. परत आले ते थेट बसमध्ये जाऊन बसले. राजवीर बसच्या दारात उभा राहून टँकरचं, कालव्याचं, सरकारी पाइपलाइनचं सांगत होता. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

त्या रात्री गिरिजाला गाढ झोप लागली. पाप-पुण्याचा विचार वगैरे काही आला नाही.

तो विचार दुसऱ्या दिवशी आला. शांताराम ओसरीवर बसून पेटीतली हत्यारं तेलानं पुसत होता, एकेक पान्हा जागच्या जागी ठेवत होता. बावीस वर्षांत आणि नंतरच्या नऊ वर्षांत या माणसानं कुठल्याच पंपाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. तिनं त्याच्या तोंडून ते वदवलं होतं. राजवीरला मारायला तिनं नवऱ्याचा शब्द वापरला होता, आणि त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता. तिनं दोनदा सांगायला तोंड उघडलं आणि दोनदा चहाचं विचारलं.

हरितकुंजमध्ये तीन खांबांची घोडी उभी राहिली. साखळी लावून माणसं बोअरमधून पाइप उपसू लागली. वीस फुटांचा एक असे पंधरा पाइप, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात. तीन दिवस लागले. मोटार वर आली, ती ठणठणीत होती. पुन्हा ज्या रंगाच्या तारेला जी तार होती तीच जोडून आत सोडली, पुन्हा करंगळीएवढी धार. मग राजवीरनं मोटारच खराब म्हणून दुसरी मागवली. तीही जुन्याच तारांना जोडली गेली आणि तीही उलटीच फिरली. गिरिजा बांधावर उभी राहून बघायची. माणसांच्या खांद्यांची सालं निघालेली बघून तिला वाईट वाटायचं आणि राजवीरला टाचा घासत फिरताना बघून बरं वाटायचं. दोन्ही एकदम वाटायचं, त्याला तिचा इलाज नव्हता.

आणि या सगळ्यात बोअर बंद होता. पाचव्या दिवशी विहिरीच्या तळाचा चिखल चमकू लागला. आठव्या दिवशी दोन हात पाणी होतं. गिरिजा पहाटे उठून विहिरीत डोकवायची आणि कुणी दिलेलं बाळ बघावं तशी बघत राहायची. पत्र्याच्या व्हॉल्व्हमध्ये तिनं जुन्या चपलेचं चामडं कापून बसवलं आणि पंप चालू केला. भेंडीला पाणी गेलं. पानं उठली, पिवळी फुलं आली.

बाराव्या दिवशी राजवीर पायी आला. हातात सुतळी होती आणि तिच्या टोकाला दगड. दगड ओला होता.

"हवलदार! चालीस फूट पे पानी है! खुद नाप के आया हूँ. तूने सबके सामने झूठ बोला?"

गिरिजा उत्तर द्यायला पुढं झाली. पण शांतारामनं सुतळीकडं बघितलं, दगड हातात घेऊन चाचपला आणि परत दिला. "पानी है तो निकाल लो," तो म्हणाला.

राजवीर खाली बसला. त्याच्या बुटांना चिखल होता, दाढी वाढली होती. येत्या रविवारी पुन्हा बस येणार होती, आणि ती शेवटची होती, त्यानंतर त्याचा भागीदार जमीन दुसऱ्याला देणार होता. हे तो शांतारामला सांगत होता, आणि ऐकत होती गिरिजा.

"मैं चला दूँगी," ती म्हणाली.

"तू?"

"मैं. रोज सवेरे दो घंटे बोअर का पानी हमारे खेत में आएगा. पाइप आज पड़ेगा. लिख के दो, सरपंच के दस्तखत के साथ. और मेरा वॉल्व."

"ठीक है. और?"

"और गेट पे चलो. बताती हूँ."

संध्याकाळच्या चारला पाइप पडला, कागदावर सही झाली. गेटावर तेच दोन चौकीदार होते. गवंडी काम संपवून हातपाय धूत होते. गिरिजा गेटाच्या मधोमध उभी राहिली.

"जेब उलटी करो," ती राजवीरला म्हणाली.

"क्या?"

"सारी जेबें. झटक के. देखें क्या-क्या है."

राजवीरच्या मानेची शीर उडू लागली. त्यानं चौकीदारांकडं बघितलं, ते दुसरीकडं बघू लागले. त्यानं कारंज्याकडं बघितलं. मग त्यानं एक खिसा उलटा केला, मग दुसरा. कंगवा पडला, किल्ल्या पडल्या, वेलदोड्याची पुडी फुटून दाणे मातीत सांडले. गवंड्यांतून कुणीतरी हसलं. गिरिजानं कोण हसलं ते बघितलं नाही. ती राजवीरचं तोंड बघत होती, सावकाश, घाई न करता. तिला फार बरं वाटलं. एवढं बरं तिला महेशच्या भरतीच्या दिवशी वाटलं होतं.

मग ती पंपघरात गेली. स्विच बंद केला, तोच लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, लाल आणि निळ्या तारेची जागा बदलली. स्विच चालू केला. बाहेर कारंजं दोन पुरुष उंच उडालं.

राजवीर दारात होता. त्यानं सगळं बघितलं होतं. "बस? दो तार?"

"बस."

तिनं ऑफिसातल्या टेबलावरचा पितळी फूट व्हॉल्व्ह उचलला, पदरात बांधला आणि गेटातून निघाली.

राजवीर गप्प बसणारा नव्हता. आठवड्यात सगळ्या पट्ट्यात झालं, फौजी हवलदाराला दोन तारांचा दोष कळला नाही, चालत्या बोअरला कोरडा म्हणाला, शेवटी बाईनं दुरुस्त केला. डेअरीवाल्यानं पंपाला गुडगावचा मिस्त्री बोलावला. पलीकडच्या गावातून येणारं बोलावणं आलं नाही. पेटी बांधलेली सायकल दारात तशीच उभी राहिली आणि एक दिवस कोंबडी तिच्या सीटवर बसून गेली. बोअरचं पाणी सकाळी दोन तास कबूल केल्याप्रमाणं यायचं, भेंडी टोपल्या भरून निघायची, आणि गिरिजाला एकेक भेंडी खुडताना वाटायचं, ही त्याच्या नावाची.

आषाढाच्या आधी एका दुपारी दोघं विहिरीच्या खड्ड्यात उतरली. पितळी व्हॉल्व्हला नवं चामडं बसवलं होतं, तो नळीला लावायचा होता. अंग घामानं निथळत होतं. शांताराम आटे घट्ट करत होता.

"अहो," ती म्हणाली. मग त्याचा हात ओढून घेतला. बोलून सांगायचं तिला जमणार नव्हतं. तिनं त्याच्या तळहातावर तीन ठोके दिले आणि मान हलवली. नाही. तीन नव्हते.

शांतारामनं पान्हा खाली ठेवला. तिचा हात पालथ्याचा उताणा केला, आणि तिच्या तळहातावर तेलकट बोटानं सावकाश एक गोल काढला. उलटा.

गिरिजानं हात मागं घेतला. "तुम्हाला माहीत होतं?"

"पाइपला हात लावला होता मी. कान गेलेत, हात आहेत अजून."

"मग बोलला का नाहीत? नाव घालवलंत स्वतःचं! तीस वर्षांचं नाव!" ती ओरडत होती, खड्ड्यात आवाज घुमत होता.

शांताराम पितळी व्हॉल्व्ह अंगठ्यानं पुसत होता, पुसायचं काही राहिलं नव्हतं तरी. "त्या दिवशी गेटावर," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू निघाला. "पंपघराच्या काचेत दिसत होतं. मी बघितलं. पदर बघितला, नाणं पडलेलं बघितलं. मी वळलो नाही."

वर ऊन होतं. लांब कारंज्याचा आवाज येत होता, तिला एकटीला.

नोकरीसाठी वळला नव्हता की भीतीनं, ते तिनं विचारलं नाही. फाल्गुनात तिनं मारलेल्या दोन हाका तिला पुन्हा ऐकू आल्या. याचंही काहीतरी काढून घ्यावं, असं तिला वाटलं, आणि तो तिच्यासमोर खाली मान घालून बसला होता, त्यानं आपलं सगळं आधीच देऊन टाकलं होतं. काढून घ्यायला काही उरलं नव्हतं.

तिनं नळी आत सोडली. मग बादली त्याच्या पुढ्यात सरकवली.

"आज तुम्ही भरा," ती म्हणाली. "मी बसते."

शांतारामनं बादली उचलली. शिडीनं वर जाऊन पाणी आणलं, खाली येऊन नळीत ओतलं, पुन्हा वर गेला. चौथ्या बादलीला नळी काठोकाठ भरली आणि पाणी जागच्या जागी थांबलं. व्हॉल्व्हनं धरलं होतं. तो तिच्याकडं बघत उभा राहिला.

"अजून एक आणा," गिरिजा म्हणाली.

नळी भरलेली आहे हे त्यालाही दिसत होतं. तो शिडी चढला.